बागप्रेमी मंडळाची वसंत सभा आणि उन्हाळी उपक्रम, नाशिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की मंडळाच्या वसंत सभेविषयी विचारणा सुरू होते. सभा कधी आहे, कोणी यायचे, सोबत काय आणायचे आणि सभेनंतर मंडळ उन्हाळाभर काय करते, या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्या गोष्टी नाशिकच्या मातीशी, पाण्याशी आणि उन्हाशी थेट जोडलेल्या आहेत त्यांची उत्तरे मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत. व्यवस्थेचे प्रश्न थोडक्यात आटोपले आहेत.

वसंत सभा केव्हा आणि कोठे असते?

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता सभा सुरू होते आणि साडेअकराच्या आत संपते. जागा सभागृहाच्या उपलब्धतेनुसार ठरते व आठवडाभर आधी कळवली जाते. वेळ सकाळचीच ठेवण्याचे कारण असे की अनेक जण काड्या, मुनवे (झाडाच्या बुडातून फुटलेले कोंब) आणि लहान रोपे घेऊन येतात आणि दुपारच्या उन्हात ती घरी पोहोचेपर्यंत मान टाकतात.

लागवड तर पावसाळ्यात होते. मग मुख्य सभा वसंतात कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मंडळाचे वर्षभराचे काम त्याच्या उत्तरावर उभे आहे. थंड प्रदेशांत वसंत आला की माती उघडी होते आणि पेरणी सुरू होते. आपल्याकडे चित्र वेगळे असते. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आंब्याला कैऱ्या धरू लागतात, पिंपळाला तांबूस पालवी येते आणि सगळीकडे नव्याचा उत्साह दिसतो. पण नेमक्या याच दिवसांत जमिनीतला ओलावा झपाट्याने उतरत असतो. मार्चमध्ये दिवसाचे तापमान तिशी ओलांडून बरेच वर जाते, एप्रिल-मे महिन्यांत ते चाळीस अंशांच्या आसपास पोहोचते आणि पहिला भरवशाचा पाऊस जूनमध्ये येतो. म्हणजे झाडाला नव्या पालवीसाठी पाणी हवे असते तेव्हाच ते सर्वांत कमी मिळते.

पावसाळ्यात मोठ्या हौसेने लावलेली बहुतेक रोपे याच काळात जातात. लावताना शंभर हात असतात. चैत्र-वैशाखात त्याच रोपांना पाणी घालायला कोणी नसते. म्हणून आपली वसंत सभा ही जगवण्याची सभा आहे. होळीपासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत कोण काय सांभाळणार, हे त्या सकाळी नावानिशी ठरते.

सभेत नेमके काय होते?

आरंभी मागच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा आढावा घेतला जातो. प्रत्येक रस्त्याची, मोकळ्या भूखंडाची आणि शाळेची यादी वाचली जाते. किती रोपे उभी आहेत, किती गेली आणि का गेली, हे पाहणी करणारे सभासद सांगतात. हा भाग कधीकधी ऐकायला जड जातो, तरी तो वगळला जात नाही. त्यानंतर एक-दोन प्रात्यक्षिके होतात, साधारणपणे आच्छादन, खतपेटी किंवा बी धरणे या विषयांवर. मग वानवळ्याचे टेबल उघडते आणि शेवटचा पाऊण तास प्रश्नोत्तरांना दिला जातो. आजारी पान किंवा कीड दाखवायची असल्यास ती बंद पारदर्शक पिशवीत आणावी, म्हणजे इतरांच्या रोपांवर ती पसरत नाही.

सभासद नसल्यास येता येईल का? मुलांना आणावे का?

दोन्हींचे उत्तर होय असे आहे. मुलांना जुन्या वर्तमानपत्रांपासून बियांच्या पुड्या बांधायला शिकवले जाते आणि ती हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात.

वानवळ्याच्या टेबलावर काय आणावे आणि काय आणू नये?

घरच्या बागेतले बी, मुनवे, कंद, छाट काड्या आणि जास्तीची रोपे आणावीत. गिलके, दोडका, डांगर, वाल, घेवडा, भेंडी, गवार, अंबाडी, तांदुळजा आणि माठ यांच्या बियांना दरवर्षी सर्वाधिक मागणी असते. चाकवतासारख्या हिवाळी भाज्यांचे बी याच दिवसांत तयार होते, तेही जरूर आणावे. टेबलावरील कशाचीही विक्री होत नाही. देणारा देतो आणि घेणारा पुढच्या वर्षी त्याच वाणाचे बी परत आणण्याचा प्रयत्न करतो.

प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव, बी केव्हा धरले तो महिना आणि बाग कोणत्या भागातली आहे, एवढे लिहावे. दुकानातल्या संकरित बियांपासून वाढलेल्या झाडाचे बी आणू नये, कारण पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत आणि घेणाऱ्याची वर्षभराची मेहनत वाया जाते. जास्वंद, पपई आणि सीताफळाच्या काड्या किंवा रोपे आणताना देठाच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा थर नाही ना, हे घरूनच तपासावे. तो मिलीबग या किडीचा असतो आणि ती दिसलेले रोप टेबलावर ठेवले जात नाही. घाणेरी, सुबाभूळ यांसारख्या पसरणाऱ्या झाडांची रोपेही स्वीकारली जात नाहीत.

बी धरण्याची योग्य पद्धत कोणती?

बी धरायचे तर पहिले किंवा सर्वांत निरोगी फळ त्यासाठी राखावे. आपण उलटे करतो. चांगली फळे खातो आणि शेवटी उरलेले किडके फळ बियाण्याला सोडतो. गिलके आणि दोडके वेलीवरच पूर्ण वाळू द्यावेत. हलवल्यावर आतले बी खुळखुळ वाजले की ते तयार झाले असे समजावे. भेंडीची शेंग तपकिरी होऊन तिच्या शिरा उकलू लागल्या की काढावी. वाल आणि घेवड्याच्या शेंगा वेलीवर कडक होऊ द्याव्यात. टोमॅटोच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असते, म्हणून गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवून, तळाशी बसलेले बी धुऊन घ्यावे.

सर्व बी सावलीत वाळवावे. मार्चचे कडक ऊन अंकुराला मारक ठरते. पूर्ण वाळलेले बी चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले की पावसाळ्यापर्यंत चांगले टिकते. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी उत्तम आहे. चारपाचच उगवल्या तर पेरताना प्रमाण वाढवावे. एक सावधगिरी मात्र हवी. काकडी, दुधी, डांगर यांच्या दोन जाती जवळजवळ असतील तर मधमाश्या त्यांचा संकर घडवून आणतात, त्यामुळे अशा बियांच्या पुडीवर तसे स्पष्ट लिहावे. वाल, घेवडा आणि टोमॅटो बहुतांशी आपल्याच परागाने फळतात, म्हणून नवशिक्यांनी बी धरण्याची सुरुवात त्यांच्यापासून करणे बरे.

हिवाळी फुलझाडे सुकू लागली आहेत. उपटून टाकावीत का?

पिटुनिया, डायन्थस, पॅन्सी ही हंगामी झाडे बी देऊन संपतात. त्यांचे बी काढून घेऊन उरलेला भाग खतपेटीत घालावा. शेवंती मात्र उपटू नये. फुले संपल्यावर तिचे दांडे जमिनीपासून बोटभर उंचीवर कापावेत आणि बुडातून फुटलेले मुनवे अर्धसावलीत, बेताच्या पाण्यावर जपावेत. हेच मुनवे पुढच्या हंगामाची मातृझाडे होतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्यापासून नवी रोपे करता येतात.

गुलाब आणि मोगऱ्याची आता छाटणी करावी का?

मोगलांच्या काळात ज्या शहराला गुलशनाबाद म्हटले जाई, त्या शहरात गुलाबाविषयी प्रश्न सर्वांत जास्त यावेत हे स्वाभाविक आहे. महापालिकेच्या राजीव गांधी भवनातील पुष्पोत्सवात मांडलेले टपोरे गुलाब पाहून अनेक जण घरी येतात आणि लगेच कात्री हातात घेतात. तसे करू नये. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करतात. मार्चमध्ये खोल छाटणी केली तर कोवळे फुटवे थेट उन्हाळ्याच्या तोंडी सापडतात आणि उघड्या पडलेल्या खोडाची साल भाजते. या दिवसांत फक्त सुकलेली फुले आणि मेलेल्या काड्या काढाव्यात, बुडाशी आच्छादन द्यावे आणि कलमाच्या सांध्याखालून आलेले रानफुटवे मुळापासून काढून टाकावेत.

मोगऱ्याचा हंगाम आता सुरू होतो. त्याची छाटणी थंडीतच व्हायला हवी होती; ती राहिली असल्यास आता केवळ शेंडे खुडावेत, चांगले कुजलेले शेणखत द्यावे आणि भरपूर ऊन मिळेल अशी जागा द्यावी. सावलीतला मोगरा पानांनी भरतो आणि फुलत नाही.

रोज पाणी घालूनही कुंडीतले झाड का सुकते?

या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मातीत असते. नाशिक परिसरातली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. अशी माती भरलेली कुंडी मार्चच्या दुपारी जवळून पाहावी. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये बोटाचे पेर जाईल एवढी फट दिसते. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते, तळाच्या भोकातून बाहेर येते आणि पाहणाऱ्याला झाड पोटभर प्यायले असे वाटते. प्रत्यक्षात मधला मुळांचा गोळा कोरडाठक असतो. कुंडीत बोट दोन पेरे खोल घालून पाहिले की खरे कळते.

अशी कुंडी मोठी असल्यास कडेची फट काडीने कोचून खत-मातीने भरावी. लहान असल्यास ती पाण्याच्या टबमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. कायमचा उपाय मात्र माती बदलणे हाच आहे. पोयट्याची माती, चाळलेले कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. काळी मातीच वापरायची असेल तर तिचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक नसावे. कुंडी बदलण्याचे काम मात्र भर उन्हाळ्यात काढू नये. ते पावसाळ्याच्या सुरुवातीला करावे.

उन्हाळ्यात पाणीकपात झाली तर बाग कशी जगवावी?

गंगापूर धरणातल्या साठ्यावर शहर पाणी पिते आणि उन्हाळ्यात बागेसाठी पिण्याचे पाणी वापरणे अनेकांना योग्य वाटत नाही. ही भावना मंडळालाही मान्य आहे, म्हणून सभेत पाण्याच्या काटकसरीवर बराच वेळ दिला जातो. सर्वांत मोठी बचत आच्छादनातून होते. वाळक्या पानांचा, उसाच्या पाचटाचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन-तीन इंचांचा थर मातीवर पसरला की मातीचा पृष्ठभाग तापत नाही आणि पाणी घालण्याचे अंतर वाढवता येते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. मोठ्या कुंड्यांत आणि वाफ्यांत मातीचे भाजलेले, बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. पाणी पाझरत राहते आणि मुळे त्याच्याकडे वळतात.

तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी झाडांना चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे ते सतत कुंड्यांना घालू नये. मातीवर पांढरी पुटे धरतात आणि पानांच्या कडा करपतात. असे पाणी अंगण किंवा फरशी धुण्यासाठी वापरावे. कुंडीखालच्या थाळीत साचलेले पाणी मात्र आठवड्यातून किमान एकदा ओतून थाळी कोरडी करावी, कारण डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो.

शेडनेट कोणते घ्यावे?

पालेभाज्या, रोपवाटिका आणि शोभेच्या पानांच्या झाडांसाठी पन्नास टक्के सावलीचे हिरवे शेडनेट पुरते. मोगरा, सदाफुली, जास्वंद, बोगनवेल आणि वांगी यांना त्याची गरज नसते. नेट झाडांना टेकवून बांधू नये. वारा खेळेल एवढी जागा वर ठेवावी.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस कसा घालवावा?

तो मिलीबग, म्हणजेच पिठ्या ढेकूण आहे आणि द्राक्षबागायतदारांच्या या जिल्ह्यात त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. उष्ण, कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. आधी जास्त लागण झालेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, ते तसेच कचऱ्यात टाकू नयेत. उरलेले झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन मिलिलिटर पातळ साबण नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूसह फवारावे आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा पुन्हा करावे. कुंडीभोवती मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी करावा. मुंग्या मिलीबगचा गोड चिकटा खातात, त्याचे रक्षण करतात आणि त्याला एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. मुंग्या तशाच ठेवून केलेली फवारणी फार काळ टिकत नाही.

पालापाचोळा गोळा करण्याचा उपक्रम काय आहे?

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शहरातल्या वड, पिंपळ, बदाम, करंज आणि शिरीष या झाडांखाली पानांचे ढीग साचतात आणि सकाळी अनेक ठिकाणी ते पेटवलेले दिसतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रस्त्यावर कचरा जाळणे निषिद्ध आहे. त्याहून दुःखाची गोष्ट ही की वर्षभर झाडाने जमिनीतून वर उचललेली अन्नद्रव्ये त्या धुरात आणि राखेत वाया जातात, आणि त्याच गल्लीतले लोक पुढच्या महिन्यात पिशवीबंद खत विकत आणतात. मंडळाचे स्वयंसेवक दर रविवारी ठरलेल्या रस्त्यांवर गोण्या घेऊन जातात, पाने भरतात आणि ज्यांना आच्छादन किंवा खतासाठी हवी असतील त्यांच्याकडे पोहोचवतात. आपल्या गल्लीत असा ढीग जमत असेल तर झाडणाऱ्या कर्मचाऱ्यांना विनंती करून तो एका कडेला ठेवून घ्यावा व मंडळाला कळवावे. त्या कर्मचाऱ्यांशी आदराने आणि आधी बोलणे आवश्यक आहे, कारण या उपक्रमाचे यश त्यांच्या सहकार्यावरच अवलंबून आहे.

घरी ओल्या कचऱ्याचे खत करताना वास येतो. काय चुकते?

बहुधा सुका भाग कमी पडतो. एक वाटी ओला कचरा घातला की दोन वाट्या चुरलेली वाळकी पाने घालावीत. बादलीला किंवा माठाला चहूबाजूंनी भोके असावीत आणि आठवड्यातून दोनदा कचरा खालीवर करावा. सुरुवातीला मूठभर जुने कंपोस्ट किंवा थोडे आंबट ताक घातले की कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. उन्हाळ्यात दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते. हातात घेतल्यावर त्याला पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला पाहिजे. आत वळवळणाऱ्या राखाडी अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या कचराच खातात आणि झाडांना अपाय करत नाहीत. ज्यांना घरी खत करणे शक्य नाही त्यांनी निदान ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत द्यावा.

निर्माल्य आणि गोदावरीतल्या पाणवेली (जलपर्णी) खतासाठी चालतात का?

निर्माल्य चालते, मात्र हारांतले दोरे, जरी, प्लास्टिकची फुले आणि उदबत्तीच्या काड्या आधी काढाव्या लागतात. हे निवडण्याचे काम वेळखाऊ आहे आणि त्यासाठी स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. नदीतल्या पाणवेलींचे खत मात्र भाजीपाल्याला वापरू नये, असे मंडळाचे मत आहे. ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते आणि पाण्यातले जड धातू शोषून घेते. शिवाय वेलीचा एखादा तुकडा ओल्या जागी राहिला तरी ती पुन्हा वाढते.

जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रव खत) घरच्या प्रमाणात कसे करावे?

शेतासाठीचे प्रमाण दोनशे लिटरचे असते. गच्चीसाठी वीस लिटर पाण्यात एक किलो ताजे देशी गाईचे शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम काळा गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर जिवंत माती मिसळावी. मिश्रण सावलीत, गोणपाटाने झाकून ठेवावे आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत ते तयार होते व आठवड्याच्या आत वापरावे. कुंड्यांना देताना एका भागात दहा भाग पाणी घालावे आणि माती आधी ओली असावी.

रस्त्याकडेच्या रोपांचे पालकत्व म्हणजे काय?

मंडळाचा हा मुख्य उन्हाळी उपक्रम आहे. मागच्या एक-दोन पावसाळ्यांत लावलेली रोपे यादीतून निवडायची आणि मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंत त्यांची जबाबदारी घ्यायची, एवढी त्याची सोपी व्याख्या आहे. एका कुटुंबाने दोन ते पाच रोपे घ्यावीत. याहून अधिक घेणाऱ्यांचा उत्साह वैशाखापर्यंत टिकत नाही, असा अनुभव आहे.

दर चार दिवसांनी प्रत्येक रोपाला दहा ते पंधरा लिटर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी दिल्याने मुळे वरच राहतात आणि एक दिवस खंड पडला तरी रोप कोमेजते. भरपूर पाणी अंतराने दिले की मुळे ओलाव्याच्या मागे खोल जातात. आळे खोडापासून हातभर अंतरावर गोल करावे, खोडाला माती चिकटवू नये आणि आळ्यात पानांचे आच्छादन घालावे.

पाणी घालायला गेल्यावर खोडाकडे नीट पाहावे. लावणीच्या वेळी आधाराच्या काठीला बांधलेली तार किंवा सुतळी तशीच राहून गेलेली असते आणि खोड जाड होऊ लागले की ती सालीत रुतते. काही ठिकाणी तार दिसतही नाही, फक्त तिच्या वर फुगवटा आणि खाली बारीक खोड दिसते. अशी तार हलक्या हाताने कापून काढावी. लोखंडी जाळीला घासून साल सोलली जात असेल तर मध्ये गोणपाट बांधावे. बुडाशी फरशा किंवा डांबर भिडले असल्यास मंडळाला कळवावे; तेथे परस्पर तोडफोड करू नये.

पुढच्या पावसाळ्यासाठी खड्डे केव्हा खणतात आणि कोणती झाडे लावतात?

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणले जातात, दोन फूट लांब, तितकेच रुंद आणि तितकेच खोल. ते काही आठवडे उन्हात उघडे राहिले की मातीतल्या किडी आणि बुरशी बऱ्याच प्रमाणात मरतात. रहदारीच्या ठिकाणी उघडा खड्डा धोक्याचा असतो, म्हणून तेथे तो लावणीच्या आठवड्यातच खणतात. दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजल्यावरच रोपे लावली जातात.

झाडांची निवड जागा पाहून होते. रुंद रस्त्यांसाठी कडुनिंब, करंज आणि शिरीष; अरुंद रस्त्यांसाठी बहावा, कांचन, आपटा आणि राज्यपुष्प असलेले तामण; ओढ्या-नदीच्या काठासाठी अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज; मोकळ्या मोठ्या जागांसाठी वड, पिंपळ, चिंच, मोह आणि बेहडा. वड हा तर पंचवटीच्या नावातच आहे, पण विजेच्या तारांखाली किंवा कुंपणाच्या भिंतीलगत तो लावणे म्हणजे त्याला पुढे तोडण्यासाठीच लावणे होय. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्प, सप्तपर्णी आणि कोनोकार्पस यांची रोपे मंडळ लावत नाही, फुकट मिळाली तरीही. गुलमोहराच्या फांद्या वादळात सहज मोडतात आणि यांतल्या परदेशी झाडांवर आपल्या पक्ष्यांना व फुलपाखरांना पुरेसे अन्न मिळत नाही.

घराजवळच्या झाडाची फांदी अडचणीची आहे. मंडळ छाटून देते का?

नाही, आणि सभासदांनीही विनापरवाना छाटू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा शहरात लागू आहे आणि झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड स्वतःच्या अंगणातले का असेना. २०२१ मध्ये या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण देण्यात आले. अर्ज कसा करावा, छायाचित्रे कशी जोडावीत, याचे मार्गदर्शन सभेत मिळते.

कायद्याखेरीज आणखी एक विनंती आहे. चैत्र ते ज्येष्ठ हा बुलबुल, शिंपी, शिंजीर यांसारख्या पक्ष्यांचा घरटी करण्याचा काळ आहे. कुंपणाची झुडपे किंवा वेली कापण्यापूर्वी आतून हाताने चाचपून, डोळ्यांनी पाहून घ्यावे. घरटे असेल तर पिले उडून जाईपर्यंत काम थांबवावे.

गच्चीवर बाग करायची आहे. ओझे किती चालते?

हे प्रत्येक इमारतीच्या बांधकामावर अवलंबून असते आणि मोठी बाग करण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावाच लागतो. ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाहून अधिक भरू शकतो, हे लक्षात ठेवावे. जड कुंड्या तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर, गच्चीच्या कडेने ठेवाव्यात. मधोमध वाफे बांधू नयेत. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवल्या की खालची जागा कोरडी राहते आणि गळतीवरून शेजाऱ्यांशी होणारे वाद टळतात. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

अंगणातल्या मांडवावरची द्राक्षवेल वाढते, पण द्राक्षे लागत नाहीत. का?

जिल्हाभर द्राक्षे पिकत असताना आपली वेल रिकामी राहिली की वाईट वाटतेच. याचे सर्वसाधारण कारण म्हणजे छाटणी न होणे. आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात. फळे संपल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. त्यात जुन्या काड्या एक-दोन डोळे राखून कापल्या जातात. त्यानंतर फुटणाऱ्या काडीत, उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात, पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. ऑक्टोबरमध्ये त्या पक्व काड्यांवर गोडी छाटणी केली की घड बाहेर येतात. म्हणून वसंत सभेनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे घरच्या वेलीसाठी निर्णायक असतात. वेल इमारतीच्या सावलीत असेल तर मात्र छाटणी करूनही घड धरणार नाहीत.

पळसाच्या फुलांचा रंग करण्याचा उपक्रम कधी असतो?

तो सभेच्या आधीच, रंगपंचमीच्या सुमारास होतो. नाशिककर रंग खेळतात ते रंगपंचमीला, आणि पेशवेकालीन रहाडींमुळे (रंगाचे पाणी भरलेल्या जमिनीतील हौदांमुळे) त्या दिवसाचे शहराला मोठे अप्रूप आहे. झाडाखाली गळून पडलेलीच फुले वेचायची, फांदी वाकवायची नाही, हा नियम आहे. पळसाच्या फुलांवर त्या दिवसांत पक्ष्यांची उपजीविका चालते. फुले पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की सकाळी केशरी-पिवळा रंग मिळतो. उरलेला चोथा खतपेटीत जातो.

अभ्यास सहल कोठे जाते?

पांडवलेणीच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान आणि सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावरची नाशिक देवराई ही दोन ठिकाणे ठरलेली आहेत. देवराईत सुरुवातीपासून स्थानिक जातींचीच झाडे लावली गेल्यामुळे, उघड्या टेकडीवर कोणती झाडे उन्हाळा सोसतात, हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. सहल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सूर्योदयाला निघून नऊच्या आत परत येते. पाण्याची बाटली, टोपी आणि वही एवढेच सोबत घ्यावे; रोपे, बिया किंवा फांद्या तेथून आणू नयेत.

वर्गणी आणि जमाखर्चाचे काय?

वर्गणी वार्षिक असते आणि सभेच्या दिवशी भरता येते. वर्षाचा जमाखर्च सभेत छापील स्वरूपात वाटला जातो.

मे महिन्यात गावाला जायचे आहे. कुंड्या आणि पालकत्वाची रोपे कोण सांभाळणार?

एकमेकांच्या बागा सांभाळण्यासाठी विभागवार याद्या केलेल्या आहेत: इंदिरानगर, गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. जाण्यापूर्वी किमान आठ दिवस आपल्या विभागाच्या समन्वयकांना तारखा कळवाव्यात. कुंड्या उचलून सावलीत, एकमेकींना लागून ठेवाव्यात, वरून आच्छादन घालावे आणि कोणत्या झाडाला किती दिवसांनी पाणी लागते, याची चिठ्ठी कुंडीला बांधावी. नुसते 'रोज थोडे पाणी घाला' असे सांगितले की निवडुंग कुजतो आणि तुळस वाळते. चार-पाच दिवसांसाठीच जायचे असेल तर पाण्याच्या बादलीतून सुती कपड्याची वात कुंडीच्या मातीत खोचून ठेवली तरी लहान झाडे तग धरतात. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवावी. रस्त्याकडेच्या रोपांची पाळी शेजाऱ्याकडे सोपवताना त्याला एकदा सोबत नेऊन ती रोपे दाखवावीत, कारण वाळक्या गवतात दोन फुटांचे रोप अनोळखी माणसाला सापडत नाही.